फुटणाऱ्या भांड्यांची बाजू

मुलीचं लग्न फौजेतल्या माणसाशी ठरलं की आमच्या नंदुरबारकडचे तमाम नातेवाईक स्टीलच्या दुकानाकडे धाव घेतात. इतर मुलींच्या रुखवतात निदान एखादा चिनी मातीचा टी-सेट तरी मांडलेला असतो. फौजीच्या बायकोच्या वाट्याला स्टीलचे पेले, स्टीलच्या वाट्या, स्टीलचे डबे, आणि प्रत्येकावर मशीनने टोचून घातलेलं देणाऱ्याचं नाव. का, तर म्हणे, "दर दोन-तीन वर्षांनी बदली. काच कुठं टिकायची?" लढाईवर जायचं नवऱ्याने आणि पोलादी साहित्य मात्र बायकोला, असा हा न्याय आहे.

या मंडळींना मी स्टील पक्ष म्हणते. आमच्या घरातले या पक्षाचे पुढारी म्हणजे माझे थोरले दीर, जिभाऊ. उन्हाळ्यात ओसरीवरची खाट अंगणात नेणे, हा जिभाऊंचा आजवरचा सर्वांत मोठा स्थलांतराचा अनुभव. पण सामान कसं हलवावं यावर ते तासभर बोलू शकतात. त्यांना सासूबाईंचा पाठिंबा. मी कपबशी हातात घेतली की त्या लांबूनच पुकारा करतात, "फुटी जाई व माय, फुटी जाई!" आमचे हे तोफखान्यात. सतरा वर्षांत सात बदल्या झाल्या. देवळाली, जोधपूर, जालंधर, सिकंदराबाद असं करत मी संसार हलवत आले आहे. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार कुणाला असलाच तर तो मला आहे, असं माझं नम्र पण ठाम मत आहे.

स्टीलशी माझं वैर नाही. स्टील आपटतं, पोचतं, घरंगळतं, पण निमूटपणे कामाला येतं. जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून घेता येतं. पण स्टील हेच एकमेव शहाणपण, असं कुणी म्हणायला लागलं की मी त्याच्यापुढे लोणच्याची बरणी ठेवते. घाला हो लोणचं स्टीलच्या डब्यात! मीठ आणि आंबट एकत्र आलं की पितळ हिरवं पडतं, ॲल्युमिनियम काळं पडतं, आणि चांगल्या चांगल्या स्टीललाही वर्षभरात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. ज्या आंबटापुढे धातू हार खातो, त्याच्याशी चिनी मातीची झिलई वर्षानुवर्षं संसार करते. आमच्या गावाला बाजार समितीबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात तेव्हा मैलभर जमीन लाल दिसते. त्या मिरचीच्या मुलखातल्या बाईने लोणचं न घालता राहावं की काय? आणि घातलं तर ते ठेवावं कशात? शेल्याबरोबर टोपी दिली म्हणून पाऊस थांबत नाही, आणि रुखवतात स्टील दिलं म्हणून लोणचं स्टीलमध्ये टिकत नाही. तेव्हा फुटणारं भांडं ही चैन नव्हे, गरज आहे. मुद्दा पहिला.

आता दुसरा मुद्दा. काच प्रवासाने फुटते, हा स्टील पक्षाचा मोठा सिद्धांत. साफ खोटा! नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच १९९८ साली तिकडे इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ, समुद्राच्या तळाशी, नवव्या शतकातलं एक अरबी बांधणीचं गलबत सापडलं. त्यात चीनमधून निघालेली सुमारे ६०,००० भांडी होती. त्यांतले कितीतरी वाडगे मोठमोठ्या रांजणांत, एकमेकांना टेकवून, गोल चक्रासारखे दाटून रचलेले. गलबत फुटलं, बुडालं, अकराशे वर्षं पाण्याखाली राहिलं, आणि हजारो वाडगे धड बाहेर आले. जहाज फुटतं पण वाडगा फुटत नाही, आणि आमचे जिभाऊ म्हणतात की सुरतेपर्यंतसुद्धा कप पोचायचा नाही!

चीनचं लांब वाटत असेल तर आपल्या सातपुड्यात चला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे बुध्या झालेले आदिवासी गडी कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं बांधून रात्रभर नाचतात. वाळलेला भोपळा म्हणजे कपापेक्षा नाजूक जिन्नस. तो रात्रभर उड्या सोसतो, कारण तो अंगाला घट्ट बांधलेला असतो. त्याला इकडेतिकडे आपटायला मोकळी जागाच ठेवलेली नसते.

सगळं मर्म इथेच आहे. भांडं खड्ड्याने फुटत नाही, ट्रकने फुटत नाही, हमालानेही क्वचितच फुटतं. भांडं फुटतं ते शेजारच्या रिकाम्या जागेमुळे. पेटीत चार बोटं पोकळी राहिली की कप तिच्यात धावू लागतो, आणि धावला की आपटतो. (माणसांचंही असंच असतं, पण तो विषय वेगळा.) म्हणून बशा कधी आडव्या रचू नयेत. आडव्या रचल्या की सगळ्यांचा भार खालच्या बशीच्या पोटावर येतो. त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात, मध्ये जुन्या सुती साडीचा पदर. कपात कप घालू नये. प्रत्येक कपाच्या पोटात फडकं कोंबावं आणि त्याचा कान आतल्या बाजूला वळवावा, कारण पहिला घाव कान झेलतो. तळाला गोधडी, कडेला उशा, वर पुन्हा गोधडी. मग पेटी हलवून कान लावावा. आतून आवाज आला तर पेटी पुन्हा उघडावी. आली तशी गुपचूप बसली तरच कुलूप.

बरणी आणि लोणचं यांनी एकत्र प्रवास करू नये. लोणचं पुढे डब्यात, बरणी मागून पेटीत. नवरा युनिटबरोबर आणि बायको मागून ट्रकबरोबर जाते, तसंच. बरणीच्या रिकाम्या पोटात मी ह्यांचे लोकरीचे मोजे भरते. त्यामुळे जालंधरच्या पहिल्या थंडीत आमच्या ह्यांच्या पायांना हिंगमेथीचा वास येत असे, पण बरणीला चरा गेला नाही. देशाच्या संरक्षणाला त्याने काही बाधा आल्याचंही ऐकिवात नाही.

पेटीवर 'नाजूक सामान' असं लिहावं का? लिहावं, पण त्यावर विसंबू नये. हल्ली अक्षरांऐवजी एका देठाच्या प्याल्याचं चित्र काढतात. जगभर त्याचा अर्थ 'जपून हाताळा' असा आहे. पण नंदुरबारहून जोधपूरला जायचं म्हणजे नवापूर ओलांडून गुजरातेत शिरावं लागतं, आणि गुजरातेत राज्य झालं त्या १९६० सालापासून दारूबंदी आहे. आमच्या ट्रकमध्ये अकरा पेट्या, प्रत्येकीवर ठसठशीत प्याला! सीमेवरच्या हवालदारांचे डोळे चमकले. "आत काय, ताई?" मी म्हटलं, "बरण्या." ते म्हणाले, "भरलेल्या?" मी म्हटलं, "मोज्यांनी." यावर कोणता पोलीस विश्वास ठेवील? त्यांनी पेटी उघडायला लावली. मी पोकळीत फडक्यांबरोबर लाल मिरचीच्या पुरचुंड्याही कोंबल्या होत्या. हवालदारसाहेब वाकले आणि एकापाठोपाठ एक अशा नऊ शिंका देऊन सरळ झाले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण लावलं आणि "जपून न्या हं, ताई," असं म्हणाले. त्या प्याल्याचा खरा अर्थ कळलेले ते मला भेटलेले पहिले गृहस्थ.

इथवर वाचून आमच्या क्वार्टरमधल्या वहिनी टाळ्या वाजवत असतील. त्यांनी जरा थांबावं, कारण माझं खरं भांडण पुढे आहे आणि ते त्यांच्याशीच आहे.

स्टील पक्ष निदान सरळ आहे. तो काच घेत नाही, संपलं. पण आमच्यात एक दुसरा पक्ष आहे. हा कॅन्टीनमधून हौसेने सेट घेतो, फुलं बघून घेतो, सहा कप आहेत ना ते मोजून घेतो, आणि घरी आणून पेटीत ठेवतो. काढायचा कधी? "हे स्टेशन जरा तात्पुरतंच आहे हो, पुढच्या ठिकाणी काढू." पुढच्या ठिकाणी क्वार्टर लहान. त्याच्या पुढे हे फील्डवर. त्याच्यापुढे मुलं लहान. आणि सरतेशेवटी ते ठरलेलं वाक्य, "आता कायमच्या घरात गेल्यावरच काढू."

फौजेतल्या घरात काळ्या पेट्यांचं काय होतं, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. पेट्यांवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि युनिट असतं. त्या एकाला एक लावून वर गादी आणि चादर टाकली की दिवाण तयार होतो. म्हणजे बघा, आपण वहिनींकडे चहाला जातो, दिवाणावर बसतो, आणि स्टीलच्या पेल्यातला चहा फुंकून फुंकून पितो. चटका ओठालाही बसतो आणि बोटांनाही. अन् आपल्या बुडाखाली, गादीच्या आत, पेटीच्या आत, गोधडीच्या आत, चिनी मातीचा सहा कपांचा सेट सुखरूप झोपलेला असतो! टी-सेटवर बसून पेल्यात चहा पिणारा समाज दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही.

माझ्या ओळखीच्या एका काकूंचे यजमान चोवीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झाले. शहाद्याकडे घर बांधलं. कायमचं घर! वास्तुशांतीनंतर काकूंनी पेटी उघडली. प्रत्येक कप वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि वर्तमानपत्रं पिवळी पडलेली, बारा गावांची. दर बदलीला पेटी उघडून कप मोजायचे, फाटलेला कागद बदलायचा आणि पुन्हा बांधायचं. कपावर एक डाग नाही, कानाला एक तडा नाही. आम्ही सगळ्या बायका म्हणालो, "वा, काय जपलंय!" काकू काही बोलल्या नाहीत. त्यांची मुलगी सासरी, मुलगा पुण्यात. घरात माणसं दोन, आणि कप सहा. शेवटी त्यांनी ते काचेच्या कपाटात मांडले. म्हणजे काचेतून काच बघायची.

मला त्या दिवशी कुणाचा राग आला असेल तर त्या 'कायमच्या घर' नावाच्या भुताचा. चोवीस वर्षं जिथे राहिलो, मुलं वाढवली, तापात रात्री काढल्या, फील्डवरच्या फोनची वाट बघितली, ती घरं नव्हती की काय? वर्षाची ६० दिवसांची रजा घेऊन माणूस दारात येतो. त्याला चहा द्यायला याहून मोठा प्रसंग कोणता यायचा राहिला आहे? आमच्या नोकरीत 'पुढच्या वेळी काढू' हे वाक्य कुणी सहज बोलू नये. का बोलू नये, ते क्वार्टरमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आणि ते कुणी मोठ्याने सांगत नाही. मीही सांगत नाही.

"पण फुटलं तर?" फुटलं तर फुटलं! एक कप गेला तर पाच उरतात, आणि पाच जणांना चहा मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर लांबच्या बदलीला मूळ पगाराच्या ८० टक्के अनुदान मिळतं. म्हणजे घर हलवलं की थोडी झीज व्हायचीच, हे खुद्द सरकारला मान्य आहे. फक्त आमच्या सासूबाईंना मान्य नाही. माझ्याकडे आज चार सेटांतले मिळून अकरा कप आहेत. एकाला दुसरा जुळत नाही. निळ्या फुलांचा देवळालीचा, सोनेरी काठाचा जोधपूरचा, तर जालंधरच्या दोघांपैकी एकाला कान नाही, त्यात चमचे उभे राहतात. पाहुण्याला कप दिला की तो विचारतो, "हा कुठला?" आणि आमच्या ह्यांना, जे एरवी तीन शब्दांवर बोलत नाहीत, तासभर बोलायला विषय मिळतो. स्टीलच्या पेल्याकडे बघून कुणी कधी "हा कुठला?" असं विचारलंय का? त्याच्यावर तर नावच लिहिलेलं असतं!

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. फौजीच्या घरी लग्नात निदान सहा कप द्या. ते बांधायचे तर मी वर सांगितलं तसे घट्ट बांधा, पोकळी ठेवू नका, मिरची हवी तर आमच्याकडून न्या. आणि नव्या क्वार्टरमध्ये पोचल्यावर पहिली पेटी उघडायची ती हीच. पंखा नंतर लावा, पडदे नंतर लावा, आधी त्या कपांत चहा ओता. नुसतं पेटीत निजवून ठेवायचं असतं, तर घडवणाऱ्याने कपाला कान कशाला दिला असता?