नागरिक कोण घडवणार?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात चार पालक एकत्र आले की गप्पांची गाडी पाच मिनिटांत शाळेवर येते. फी किती वाढली, इन्स्पेक्शनमध्ये शाळेला 'गुड' मिळालं की 'व्हेरी गुड', सीबीएसई बरी की आयबी, जेईईचा क्लास आठवीपासूनच लावावा का? पण ही मुलं शिकून चार लोकांच्या उपयोगी कशी पडतील, हा प्रश्न मी या गप्पांत कधी ऐकलेला नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये आदर्श राज्याचं चित्र रेखाटलं. त्यात शिक्षणाला केवढं स्थान! राज्याच्या रक्षकांना लहानपणी संगीत, काव्य आणि व्यायाम. त्यांतून निवडलेल्यांना विसाव्या वर्षापासून दहा वर्षं गणित, मग पाच वर्षं तर्कचर्चा, पंधरा वर्षं प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि पन्नाशीला राज्यकारभार. यात मुलीही आल्या. त्याचा शिष्य अॅरिस्टॉटल तर 'पॉलिटिक्स'मध्ये तक्रारच करतो, की जो तो आपापल्या मुलाला आपल्या मर्जीने खासगीत शिकवतो. खरं तर शिक्षण ही साऱ्या नगराची जबाबदारी हवी. ही तक्रार आपल्यालाच उद्देशून आहे असं नाही वाटत?

यावर कुणी म्हणेल, "अहो, पण हे आपलं राज्य कुठे? आपण व्हिसावर आलेली माणसं!" अॅरिस्टॉटल तरी कोण होता? तो स्टॅगिराचा, अथेन्समध्ये परदेशी रहिवासी. अशा लोकांना तिथे वेगळा कर भरावा लागे, जमीन घेता येत नसे आणि पुरस्कर्ता म्हणून कुणी स्थानिक नागरिक लागे. कफील म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको! नागरिकत्व नसलेल्या या माणसाने नागरिकांच्या शिक्षणाचा विचार केला. तेव्हा आपली सबब टिकत नाही.

अर्थात ग्रीकांचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मुळीच नाही. प्लेटोची सारी योजना रक्षकांसाठी. अॅरिस्टॉटलने तर आदर्श राज्यात कारागिरांना नागरिकही मानलं नाही, गुलामांची गोष्टच सोडा. ही भिंत आपल्याकडच्या माणसांनी पाडायला घेतली. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत ते सुरू करून १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचं केलं. त्यांच्या डोळ्यांपुढे शेतकऱ्याचं, कारागिराचं पोर होतं.

त्याच परंपरेचे आपण लाभार्थी. मी मास्टर्स परदेशात केलं, पण आधीची सोळा वर्षं अनुदानित शाळा आणि सरकारी कॉलेजात, म्हणजे लोकांच्या पैशावर शिकलो. तुमच्यापैकी अनेकांची कथा हीच असेल. आणि आता आपण शिक्षणाला बाजारातला माल समजू लागलो! ज्याचा खिसा मोठा त्याची शाळा मोठी, आणि मुलांची मैत्रीही फीच्या तक्त्यावरून ठरते. रोज शाळेत नेणाऱ्या बसचालकाचं नाव किती मुलांना ठाऊक आहे? ग्रीकांची चूक आपण घरात पुन्हा गिरवतो आहोत.

अमिरातीत २०१७ मध्ये सरकारी आणि खासगी शाळांत नैतिक शिक्षण हा विषय आला. नागरिकशास्त्र त्याचा एक भाग. गणिताला ट्यूशन लावणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पुस्तक उघडून पाहिलं?

माझं मागणं साधं आहे. मंडळाचा मराठी वर्ग केवळ बाराखडीपुरता नको. तिथे मुलांनी वाद घालावा, मत द्यावं, गणेशोत्सवाचा हिशेब लिहावा, मोठ्यांनी लहानांना शिकवावं. ज्याला परवडत नाही त्याच्या मुलाला तिथे फी नसावी. आपली मुलं पुढे टोरांटोत राहोत की ठाण्यात, समाजात राहायचं कसं हे त्यांना यायलाच हवं. ते शिकवणारं दुसरं कुणी इथे नाही. आपणच आहोत.