व्हिडिओ कुठे थांबवायचा?

तुमच्या शाळेत कम्प्युटर लॅब होती का? बहुतेकांच्या असेल. बाहेर चपला काढायच्या, एका कम्प्युटरवर तिघांनी बसायचं आणि पेंटमध्ये घर, दोन डोंगर, मधला सूर्य काढायचा. आता दुसरा प्रश्न. त्या लॅबमध्ये तुमच्या गणिताच्या बाई किंवा भूगोलाचे सर कधी आले होते? शिकवायला? जरा आठवून बघा.

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असेल. आपल्याकडे कम्प्युटर हा तीस-पस्तीस मिनिटांचा वेगळा तास झाला. फळा, खडू, नकाशा जसे प्रत्येक शिक्षकाच्या हाताशी असतात, तसा तो कधी आलाच नाही. आणि याला पैसा कमी पडला हे एकच कारण नाही. केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा बीबीसी मायक्रो कम्प्युटर आपल्या शाळांत आले होते. म्हणजे चाळीस वर्षं झाली. २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना आली, मग डिजिटल शाळा, मग स्मार्ट टीव्ही. यंत्र दरवेळी आलं, फीत कापली गेली, फोटो छापून आले. शिक्षकाची तयारी मात्र ‘नंतर बघू’ या खात्यात राहिली.

नुसती यंत्रं वाटली की काय होतं, हे पेरू देशानं जगाला दाखवून दिलंय. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पात तिथल्या सरकारनं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना दिले. २०१२ मध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं लॅपटॉप सफाईनं चालवायला लागली होती, पण गणित आणि वाचनात म्हणावा असा फरक पडला नव्हता. याच प्रकल्पाची भारतातली एक सुरुवातीची चाचणी २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, खैरात नावाच्या छोट्याशा गावातल्या शाळेत झाली होती, हे आज किती जणांना माहीत आहे?

‘पण शिक्षकांना ट्रेनिंग दिलं की!’ असं कुणी म्हणेल. हो, दिलं. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढे शिक्षकांनाही ती पास होणं बंधनकारक झालं. मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुलीचे आदेश निघाले, प्रकरणं कोर्टात गेली. कोर्स वाईट होता असं मी म्हणत नाही. कित्येक घरांत पहिला माऊस त्याच्यामुळेच हातात आला. पण त्यात वर्ड होतं, एक्सेल होतं, पत्र टाइप करणं होतं. सातवीला अपूर्णांक शिकवताना या पेटीचा काय उपयोग, हे त्यात कुठून असणार? क्लार्कला आणि शिक्षकाला एकच परीक्षा होती!

घरात कुणी शिक्षक असेल तर पुढचं तुम्ही रोजच बघत असाल. पोषण आहाराची आजची संख्या ॲपवर टाकायची. ‘यू-डायस’मध्ये मुलांची माहिती दुरुस्त करायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अतितातडीचे’ पत्र आलं की अर्ध्या तासात लिंक भरायची. ज्या शिक्षकांना आपण ‘त्यांना टेक्नॉलॉजी जमत नाही’ म्हणून हसतो, ते दिवसभर टेक्नॉलॉजीच वापरत असतात, पण ऑफिससाठी. वर्गात स्मार्ट टीव्हीवर व्हिडिओ लावून बाई मोबाइलवर माहिती भरत बसल्यात, हे चित्र आळशीपणाचं वाटतं. माझ्या मते ते वाटणीचं चित्र आहे. त्यांचा डिजिटल वेळ कुणी खाल्ला, ते त्यात दिसतं.

ऑनलाइन ट्रेनिंगही आलं. ‘दीक्षा’ २०१७ पासून आहे, ‘निष्ठा’ २०१९ मध्ये सुरू झालं आणि करोनाकाळात ऑनलाइन गेलं. कल्पना चांगलीच आहे. खेड्यातल्या शिक्षकाला जिल्ह्याच्या गावी न जाता शिकता येतं. पण अनेकदा होतं काय, व्हिडिओ पुढे पळवायचा, प्रश्नमंजुषा सोडवायची, सर्टिफिकेट डाऊनलोड करायचं आणि ग्रुपवर टाकायचं. केंद्राचे शंभर टक्के पूर्ण! राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. ते ५० तास असेच गेले तर सर्टिफिकेटांची फाइल जाड होईल, एवढंच.

मग शिकवायचं काय? अमेरिकेत शिकवणारे भारतीय वंशाचे प्राध्यापक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये ‘टीपॅक’ नावाची मांडणी केली. तिचा मला समजलेला अर्थ साधा आहे. विषयाचं ज्ञान, शिकवण्याची हातोटी आणि तंत्रज्ञान या तीन गोष्टी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून देता येत नाहीत. त्या एकाच धड्यात एकत्र याव्या लागतात.

दहावीचा भूगोल आठवा. भारत आणि ब्राझील, शेजारी शेजारी. ॲमेझॉनच्या जंगलावर दहा मिनिटांची फिल्म लावणं कुणालाही जमेल. पण एखादे सर गुगल अर्थवर आधी आपलंच गाव दाखवतात, मुलांना शाळेचं छप्पर सापडेपर्यंत थांबतात, मग ॲमेझॉनवर नेतात आणि जंगलात माशाच्या काट्यासारखे दिसणारे पट्टे दाखवून विचारतात, ‘हे काय असेल?’ कुणी म्हणतं नदी, कुणी म्हणतं शेत. सर लगेच उत्तर देत नाहीत. मुख्य रस्ता आणि त्याला फुटलेले फाटे दिसले, त्यांच्या कडेनं झाडं कशी गेली हे मुलांनीच सांगितलं, की मग पुस्तक उघडायचं. यात बटणं किती दाबली? चार-पाच. कुठे थांबायचं आणि काय विचारायचं, हे खरं कौशल्य. ते एमएस-सीआयटीत नव्हतं आणि ते एकट्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघूनही येत नाही. दुसऱ्या शिक्षकाचा तास बघून येतं, स्वतः घेऊन फसल्यावर येतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली गेली. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. सरांनी आधी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकं मुलांच्या भाषेत केली आणि त्यांना कोड जोडले. अडचण मुलांची होती, म्हणून उपाय चालला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड आले. तुम्ही किंवा तुमच्या धाकट्या भावंडानं त्यातले किती स्कॅन केलेत, तुम्हीच सांगा.

‘आता नवीन पिढी शिक्षक होईल, मग प्रश्नच नाही’ हेही खूप ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. रील एडिट करता येणं वेगळं आणि चाळीस मुलांसमोर व्हिडिओ अडवून प्रश्न विचारणं वेगळं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात आयसीटीचा भाग आहे. पण एकच छोटा पेपर. सराव पाठांच्या वेळी मात्र आजही कार्डशीटचे तक्ते रंगवण्यात रात्री जातात.

माझं म्हणणं मोठ्या बजेटचं नाही. केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद होतेच. तिथे दरवेळी एका शिक्षकानं आपला एक धडा दाखवावा, जो जमला तो आणि जो फसला तोही. आकडे भरायचं काम शिक्षकाकडून काढून घ्यावं. आणि बी.एड.ला निदान पाच सराव पाठ असे असावेत, ज्यात तंत्रज्ञान का वापरलं आणि कुठे मुद्दाम वापरलं नाही, यावर मार्क मिळतील.

घाई आहे, कारण पोरं एआयकडून निबंध लिहून आणायला लागलीत. तो तपासायला घेणाऱ्या बाईंना यासाठी कुणी तयार केलंय? की यावरही आधी जीआर येईल आणि मागून सर्टिफिकेट? तुमच्या ग्रुपमध्ये बी.एड. करणारं कुणी असेलच. त्यांना विचारा, गेल्या सहा महिन्यांत कॉलेजमध्ये एआयवर एक तरी तास झाला का. आलेलं उत्तर आम्हाला जरूर पाठवा.