आधी ताळेबंद, मग तार

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखले जाते. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजण्याची शिस्त लावून घेतली. त्या वर्षीच्या जमेनुसार ग्रामसभा पिके ठरवते. पिण्याचे पाणी आधी, शेतीचे नंतर. उसासारखे तहानलेले पीक तेथे वर्ज्य मानले गेले. मोजल्यावाचून खर्च नाही, हे त्या गावाचे सूत्र.

घर बांधताना संगणकजाळ्याची केबल निवडणाऱ्या कुटुंबालाही हेच सूत्र उपयोगी पडते. खाली दुकान, वर निवास अशा वास्तूत बिलाचा संगणक, कॅमेरे, टीव्ही आणि मुलांचा अभ्यास एकाच जाळ्यावर चालतो. फरशीच्या रंगावर घरात आठवडाभर खल होतो. केबल मात्र कारागीर आणील ती. एकूण बांधकामात तिची किंमत किरकोळ असते. परंतु भिंत लिंपून रंगल्यावर तीच बदलावयाची झाल्यास भिंत फोडावी लागते.

म्हणून प्रथम कागदावर नोंद करावी : कोणत्या खोलीत कोणती साधने आणि राऊटरपासूनचे अंतर किती. मोबाईलला वाय-फाय पुरते. एका जागी स्थिर असणाऱ्या साधनांना तारच विश्वासू.

मग प्रतीचा विचार. ‘कॅट ५ई’ केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. ‘कॅट ६’ तेवढे तर देतेच, शिवाय सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते. ‘कॅट ६ए’ हाच वेग पूर्ण १०० मीटर देते. मात्र ती जाड, महाग आणि वळविण्यास कठीण असते. सामान्य घरातील अंतरे पाहता नव्या बांधकामासाठी ‘कॅट ६’ हा समतोल निर्णय ठरतो. जुनी ‘कॅट ५ई’ नीट चालत असेल, तर ती उपटण्याचे कारण नाही.

खरी फसगत निराळ्याच ठिकाणी होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. वेष्टणावर ‘कॅट ६’ छापलेले असले, तरी ती त्या मानकात बसत नाही. तिचा विद्युत्‌रोध अधिक असल्याने, केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ती विशेष धोक्याची. ती अधिक तापते आणि वाकविल्यास लवकर तुटते. म्हणून संपूर्ण तांब्याची केबल मागावी आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. भिंतीतील केबल अखंड तारेची असावी. यंत्राला जोडावयाची छोटी दोरी मात्र अनेक बारीक तारांची, लवचिक.

ही केबल विजेच्या तारांच्या पाइपात घालू नये. तिला स्वतंत्र पाइप द्यावा आणि त्यात एक दोरी ओवून ठेवावी, म्हणजे पुढे नवी केबल ओढता येते. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहावा. गोदाम वा शेतघर १०० मीटरहून दूर असेल, तर तेथे फायबर टाकावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नसल्याने आकाशातील विजेचा आघात त्या वाटेने यंत्रांपर्यंत येत नाही.

हिवरे बाजारचे पाणी जमिनीत दिसत नाही, म्हणूनच ते मोजले जाते. भिंतीतील तारही दिसत नाही. तिचा हिशेब भिंत बंद होण्यापूर्वीच पूर्ण व्हावा.