मृगाआधीची कुंडी

येत्या ७-८ जूनला सूर्य मृगात जाईल. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बियाण्याची तजवीज करतो आहे, आणि शहरांत सोसायटीच्या फाटकाशी, कचऱ्याच्या डब्यांलगत वाळक्या कुंड्या येऊन बसल्या आहेत. सुट्टीला गावी गेलेली माणसे परततात, गॅलरीत झाडांच्या काड्या झालेल्या बघतात आणि ‘पाऊस पडला की नवीन आणू’ म्हणून सगळे खाली उतरवतात. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे, की मृगाच्या दोन-तीन सरी पडेपर्यंत थांबा.

आमच्या गच्चीनेही यंदा सोसले. फेब्रुवारीत लावलेली टोमॅटोची रोपे मार्चअखेर फुलांनी भरली होती. एप्रिलमध्ये पारा चढला आणि रोज सकाळी फुले देठासकट खाली पडलेली दिसू लागली. आम्ही पाणी वाढवले, खत घातले, दोन्ही चुकले. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिले आणि रात्रीही गारवा नसला, की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही. गच्चीचा स्लॅब तर मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो. अशा वेळी झाडाला खत नको असते, दुपारची सावली हवी असते. हिरवी जाळी आम्ही बांधली, पण तोवर हंगाम हातचा गेला होता. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. कडुनिंबाच्या तेलात साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारत राहिलो, तेव्हा कुठे अर्धे झाड वाचले.

याच उन्हात मोगऱ्याने मात्र ओंजळी भरून दिल्या. थंडी सरताना केलेल्या छाटणीचे हे फळ. नव्या फुटीवरच त्याची कळी येते. भेंडी आणि गवार तगली. मायाळूचा वेल तर पालकाने माना टाकल्या तेव्हाही कठड्यावर चढत होता, आणि महिनाभर घरात त्याचीच भजी झाली. वैशाखात पालकाचा हट्ट धरणे ही आपलीच चूक, असे आता वाटते.

उन्हाळ्यात कुंडीतली झाडे मरतात ती बरेचदा पाणी घालूनही मरतात, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. माती एकदा खडखडीत वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ थाळीत उतरते. वर ओल दिसते, मुळे कोरडीच राहतात. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी, मग वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. याच्या उलट, दुपारी पाने मलूल दिसली की धावत जाऊन पाणी घालणारेही आहेत. पाने संध्याकाळी आपोआप सावरत असतील, तर झाडाला तहान नव्हती, ते उन्हापासून स्वतःला जपत होते. त्या वेळच्या जास्तीच्या पाण्याने मुळे कुजतात. आपल्याकडे वैशाखात तुळशीवर गळती बांधतात. भोक पाडलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी मुळाशी जाते. घरातल्या मोठ्यांना हे शास्त्र ठाऊक होते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी भरलेली, झाकणाला बारीक भोक पाडलेली बाटली कुंडीत उलटी रोवली तरी तेच काम होते. टँकरच्या दिवसांत बागेसाठी वेगळे पाणी मागण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्ही मानतो.

आता फाटकाशी ठेवलेल्या त्या काड्यांविषयी. खोडाची साल नखाने अलगद खरवडून बघा. आत हिरवा, ओलसर पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे. वरचा भाग तपकिरी निघाला तर आणखी खाली, मातीलगत बघा. जिथे हिरवे लागेल त्याच्या किंचित वर काप घ्या आणि कुंडी सावलीत ठेवा. हळद आणि आल्याच्या कुंडीत तर थंडी सरल्यावर काहीच दिसत नाही. जमिनीवरचे सगळे वाळून जाते आणि गड्डा आत झोपतो. रिकामी समजून कितीतरी घरांत ती माती उपसली जाते.

आमच्या जिन्याशी अशीच एक कुंडी गेल्या दिवाळीपासून पडून होती. घरच्या आवरासावरीत ती दोनदा खाली जायला निघाली आणि दोन्ही वेळा राहून गेली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाची एक सर आली. चौथ्या दिवशी त्या मातीतून जाड, ठिपक्याठिपक्यांचा दांडा वर आला आणि त्याच्या टोकावर मे फ्लॉवरचा लालबुंद चेंडू उमलला. आज त्याची फुले वाळली आहेत, आणि बुडाशी रुंद, कोवळी पाने उलगडत आहेत.