हौस एकाची, खर्च सर्वांचा

कुत्रे पाळणे ही खाजगी बाब आहे, असे आपण मानतो. पिल्लू असेतो घरभर कौतुक होते. ते वाढले, आजारी पडले अथवा मालकाची बदली झाली, की त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून दिले जाते. खाजगी बाब तेथे संपते. त्याच्या निर्बीजीकरणाचा, लसीकरणाचा आणि चावलेल्यांच्या उपचारांचा भार महापालिकेवर, पर्यायाने कधीही कुत्रे न पाळलेल्या करदात्यावर पडतो.

सबळ कारणाविना प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. परंतु पहिल्या अपराधास त्यात ठरविलेला दंड १० ते ५० रुपयांचा. खाजगी पशुवैद्याच्या एका भेटीलाही ही रक्कम पुरत नाही. म्हणजे जनावर सांभाळण्यापेक्षा टाकून देणेच स्वस्त, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. २०२२ साली दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला. २०२३ च्या नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली. ही जबाबदारी कागदावर राहू नये, यासाठी प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी काटेकोरपणे व्हावी आणि दंडाची रक्कम महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी. भूतदयेचा उपदेश आपण पुष्कळ ऐकला. आता तिचा खर्च ज्याचा त्याने उचलावा.