चराईची वाट कोणी अडविली?

बीड जिल्ह्यात दुष्काळ पडला म्हणजे आमच्या सुशिक्षित वर्गास गाईबैलांची आठवण होते. वृत्तपत्रांतून हाडे वर आलेल्या जनावरांची छायाचित्रे झळकतात, चाऱ्यासाठी वर्गण्या निघतात आणि सरकारने छावण्या उघडल्या की सर्वांच्या मनावरचे ओझे उतरते. ‘पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार?’ असे म्हणून ही मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात. ह्या समजुतीचे आम्हांस खंडन करावयाचे आहे. पावसाने पाठ फिरविणे बीडला नवे नाही. एका ठिकाणचे गवत संपल्यावर गुरे दुसऱ्या ठिकाणी नेण्याची वाट बंद होणे, हे मात्र नवे आहे. आणि ती वाट माणसांनी, बहुतांशी कायद्याच्या व सुधारणेच्या नावाखाली, बंद केली आहे.

ह्या जिल्ह्याची रचनाच अशी की, येथील गुरांना फिरल्यावाचून गत्यंतर नाही. मधून बालाघाटाची रांग गेलेली. आष्टी, पाटोदे, धारूर ह्या अंगास मुरमाड, उथळ जमिनीची पठारे. तर उत्तरेस गेवराई-माजलगावकडे गोदेच्या काठची काळी गंगथडी. पावसाळ्यात उतारावर गवत वाढते आणि खालच्या रानात पिके उभी असतात. तेव्हा गुरांनी वर असावे. रब्बीची ज्वारी निघाली की खाली धसकटे, बांधावरचे गवत आणि नदीचे पाणी असते. तेव्हा गुरांनी खाली उतरावे, आणि त्या मोबदल्यात शेताला खत मिळावे. ह्या व्यवहारात भूतदयेचा प्रश्न नाही; तो रोकडा हिशेब आहे.

तो हिशेब मोडला कसा? जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि त्याचा उजवा कालवा माजलगावापर्यंत आला. पाणी आले, ऊस आला. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ज्या रानात गुरे उतरावयाची तेथे आता बारमाही पीक उभे असते, आणि कालवा ओलांडावयाचा तर पूल असेल तेथूनच. जेथे पाणी पोचले नाही तेथे ज्वारीची जागा कापसाने व सोयाबीनने घेतली. सोयाबीन निघाल्यावर गुराने तोंड घालावे असे रानात फारसे उरत नाही. कडबा तर नाहीच नाही. वर डोंगरात जावे, तर राखीव जंगलात गुरे घालणे हा १९२७ च्या वनकायद्याप्रमाणे गुन्हा. पाटोदे तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली झाले. मोर जगले पाहिजेत ह्याबद्दल आमचा वाद नाही; पण मोरासाठी राखलेल्या रानातून हाकललेल्या गाईने कोणत्या रानात जावे, हे ठरविण्याची जबाबदारी कोणाची?

पायी जाता येत नसेल तर गाडीने न्यावे, असे कोणी सुचवील. १९७८ च्या नियमांप्रमाणे एका मालमोटारीत सहांपेक्षा अधिक गुरे भरता येत नाहीत. नियम जनावराच्या हिताचा आहे. परंतु वीस-पंचवीस गुरांच्या धन्याला तो भाड्याच्या हिशेबातच अडवितो. शिवाय महाराष्ट्राचा १९७६ चा पशुरक्षणाचा कायदा २०१५ साली दुरुस्त होऊन बैलांची कत्तलही बंद झाल्यापासून बैल भरलेली गाडी दिसली की तिच्यावर संशय आलाच. गोरक्षणाच्या नावाने रस्ता अडविणारांस जनावर चाऱ्याला चालले आहे की खाटकाकडे, हे विचारण्याची फुरसत कितपत असते? गाईची पूजा करावी आणि तिचा चारा तोडावा, ह्याला रक्षण म्हणावयाचे काय?

गंमत अशी की, गरज पडली म्हणजे हीच वाट आपोआप मोकळी होते. दरसाल दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि त्यांच्याबरोबर हजारो बैलही जातात. तेथे त्यांना उसाचे वाढे मिळते. कारखान्याला बैल हवा असला की त्याच्या प्रवासाची सोय होते. बैलाला चारा हवा असला की मात्र कायद्याची पुस्तके उघडली जातात.

आता छावण्यांविषयी. २०१९ साली एकट्या बीड जिल्ह्यात शेकडो छावण्या चालल्या. त्यांनी गुरे वाचविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण दावणीला बांधलेल्या जनावराला रोज मापून चारा घालावयाचा, त्यासाठी दूरदूरचा ऊस तोडून आणावयाचा आणि घरच्या एका माणसाने महिनोन् महिने तेथे राहावयाचे, ही व्यवस्था आपत्काळची. गुरांची वाट बुजविल्याबद्दल सरकारी तिजोरीला दर दुष्काळात भरावा लागणारा तो दंड आहे.

ह्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. चराईसाठी गायराने मोकळी करा म्हटले की, त्यांवर पोट भरणाऱ्या भूमिहीनांचे काय, असा सवाल येतो. मराठवाड्यात दलितांनी गायरान कसून पोटाला लावले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने त्यांतील अनेकांचा ताबा मान्य झाला. ह्याच जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी त्या हक्कासाठी आयुष्य वेचले. तो हक्क हिरावून गुरे चारावीत असे आमचे मत मुळीच नाही. ज्यांच्याजवळ गुंठाभर जमीन नाही आणि ज्यांच्याजवळ चार शेळ्या आहेत, ते बहुधा एकाच वस्तीत राहतात. त्यांची झुंज लावून देणे ही बड्या जमीनदारांची सोय आहे. आमचे म्हणणे वाटेपुरते आहे, आणि वाटेला एकरांची गरज नसते.

कायदा ह्या बाबतीत विलक्षण आंधळा आहे. १९६६ च्या जमीनमहसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. म्हणजे वाट शेतधन्याला आहे; गुराख्याला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र स्थायिक व फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. जंगलात जे तत्त्व मान्य झाले, ते जंगलापर्यंत पोचण्याच्या वाटेस लागू नसावे, हे कोणते न्यायशास्त्र?

हे अशक्य म्हणणारांनी स्पेनकडे पाहावे. तेथे गुरामेंढरांचे जुने मार्ग ही सार्वजनिक मालमत्ता असून १९९५ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. मोठ्या मार्गांची रुंदी सुमारे ७५ मीटर धरलेली आहे. बीडला एवढे ऐश्वर्य नको. गावोगावच्या ग्रामसभांनी चराईच्या जुन्या वाटा व पाणवठे ठरवून गावनकाशावर नोंदवावेत. त्यांवरील अतिक्रमण तहसिलदाराने, शेतरस्त्याचे काढतो त्याप्रमाणे, काढावे. वनखात्याने जंगलाचे भाग पाडून आळीपाळीने चराईस उघडावेत. आणि चाऱ्यासाठी नेलेल्या गुरांस ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानावा. ह्यांतील एकाही गोष्टीला छावणीइतका पैसा लागत नाही.

पुढचा दुष्काळ येणार, ह्याविषयी बीडमध्ये कोणास शंका नाही. त्या वेळी वर्गणीची यादी घेऊन येणारांस आमच्या वाचकांनी पैसे अवश्य द्यावेत. परंतु देताना, गुरांची वाट नकाशावर आली काय, एवढे त्यांना विचारल्यावाचून सोडू नये.