विद्यार्थ्यांची देवघेव आणि घराची तयारी

शाळेत शिकणाऱ्या मुलास अथवा मुलीस एका वर्षाकरिता परदेशी पाठवावे किंवा कसे, हा प्रश्न आता आपल्या व्यापारी घरांतूनही विचारला जाऊ लागला आहे. पडावासारख्या ठिकाणी धान्याच्या उलाढालीत आयुष्य गेलेल्या माणसाने या विषयावर लिहावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु विषयाचे नावच देवघेव असल्यामुळे व्यापाऱ्यास त्यात दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे, असे मला नम्रपणे वाटते.

ही प्रथा तशी जुनी आहे. महायुद्धांत जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या अमेरिकन फील्ड सर्व्हिसच्या स्वयंसेवकांनी १९४७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देवघेव सुरू केली. रोटरीनेही हे कार्य अनेक देशांत चालविले. साधारणतः १५ ते १८ वर्षांचे मूल परक्या देशातील एखाद्या कुटुंबात त्या घरचे होऊन राहते आणि तेथील शाळेत जाते. अमेरिकेत अशा यजमान कुटुंबास मोबदला दिला जात नाही. केवळ सद्भावाने ते परक्याचे मूल सांभाळतात, हे आपण प्रथम ध्यानी घ्यावे.

आपल्याकडे तयारी म्हटली की खाकरा, लोणची आणि लोकरीचे कपडे यांचीच धांदल उडते. खरी तयारी अर्ज भरताना सुरू होते. धान्याच्या व्यवहारात वानगी एक आणि माल दुसरा निघाला तर पेढीची अब्रू जाते. अर्ज ही मुलाची वानगीच होय. निवड व्हावी म्हणून ‘सर्व काही चालते’ असे लिहून देणे हा यजमानाशी अप्रामाणिकपणा आणि मुलावर अन्याय आहे. नुसते ‘शाकाहारी’ लिहूनही भागत नाही. केकमध्ये अंडे असते, जेलीतील जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, सूपही पुष्कळदा मांसाच्या पाण्याचे असते. कंदमुळे वर्ज्य असतील तर तेही स्पष्ट कळवावे.

या बाबतीत आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मननीय आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस नुकतीच अठरा वर्षे पुरी झाली होती. न्यू जर्सीतील रोझेल गावी ज्या कार्पेंटरबाईंच्या घरी त्या प्रथम उतरल्या, त्यांच्याशी त्यांचा कित्येक महिन्यांचा पत्रव्यवहार आधीच झाला होता. आपल्या चालीरीती त्यांनी पत्रांतून मोकळेपणाने सांगितल्या होत्या. म्हणून परक्या घरात त्यांस मावशी लाभली. आपल्या मुलांनीही यजमान ठरताच स्वहस्ते असा पत्रव्यवहार सुरू करावा.

दुसरी गोष्ट नियमांची. शिकागोस डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो आणि घरोघरी जेवण बहुधा सहाच्या सुमारास होते. रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्या मुलाने शाळेतून येताच जेवून पुढे त्यांच्यासमवेत नुसते बसावे, की वर्षापुरती काही सवलत घ्यावी, याचा निर्णय वडीलधाऱ्यांनी मुलासह घरीच करावा. एकट्या मुलावर तो परदेशात सोडू नये. १८८८ मध्ये गांधीजी विलायतेस निघाले तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा घेवविली. लंडनमध्ये आरंभी त्यांस अर्धपोटी राहावे लागले, तरी प्रतिज्ञा मोजकी आणि निःसंदिग्ध असल्याने ती निभावली.

तिसरी गोष्ट हातांची. आपले अंथरूण काढणे, कपडे धुणे, वरण-भात शिजविणे आणि खर्चाचा हिशेब रोज टिपणे हे मुलगा व मुलगी दोघांसही निदान सहा महिने आधी शिकवावे. शाळेचे एक वर्ष बहुधा मागे पडते. ते मनाने आधीच नावे टाकावे, म्हणजे पुढे हळहळ नको.

आता ज्याकरिता हा लेख लिहिला ते सांगतो. आपले मूल परक्याच्या घरी जावे, त्याने ते वर्षभर जेवू घालावे, आणि त्यांचे मूल ग्वाल्हेरीस येऊ लागले की आपण मात्र ‘आमच्या घरी जमणार नाही’ म्हणावे, हा कोणता व्यवहार? आमच्या घरी मांस शिजणार नाही, संध्याकाळचे जेवण लवकर होईल, हे त्यासही आधी कळवावे. वानगी दोहोंकडून खरी असावी. एवढे झाल्यावर खोली उघडून द्यावी. परक्या मुलास आपल्या पंक्तीस बसविताना आपल्याच मुलास जे शिक्षण मिळेल, ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही. धाडणाऱ्या प्रत्येक घराने ठेवून घेण्याचीही तयारी ठेवावी, एवढीच सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.